अर्ध्या इंचाचा पाना

शिंत्रे आजोबा, रविवारच्या सभेत पडद्यावर तुमच्या फोटोशेजारी जे विमान दाखवलं, ते तुमचं नव्हतं. ते एक जेट होतं, टोकदार नाकाचं, पंखांखाली क्षेपणास्त्रं लावलेलं. तुम्ही घानाच्या हवाई दलात काम केलंत तेव्हा त्या दलाकडे असलं काही नव्हतं. तुमचं विमान म्हणजे बंगलोरला बनलेलं एचटी-टू. पुढे एक पंखा, एकामागे एक दोन खुर्च्या, शेपटीखाली छोटंसं चाक. शिकाऊ वैमानिकांना हात बसवायला दिलेलं विमान. "जमिनीवर उभं असलं की शेपटी टेकून बसलेल्या कुत्र्यासारखं दिसायचं," असं तुम्ही म्हणायचात, आणि हे तुमच्याकडून मिळालेलं कौतुक आहे हे समजायला मला वर्ष लागलं.

मला कोणाबद्दल वाईट लिहायचं नाही. खरंच नाही. पण सुहासकाकांनी, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी, पडदा लावायच्या आधी कोणाला तरी एकदा विचारायला हवं होतं. मी तिसऱ्या रांगेत होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. जेटच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एका संपूर्ण हवाई दलाचे शिल्पकार'. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शिल्पकार? मी तेल बदलत होतो, गाढवांनो."

मग सुहासकाका बोलायला उभे राहिले. "शिंत्रेकाकांनी आफ्रिकेला उडायला शिकवलं! लिटरली! इमॅजिन करा, तिथे तेव्हा लोकांकडे सायकल नव्हती यार, आणि आपला बेळगावचा माणूस जाऊन एअर फोर्स सेटअप करून देतो!"

टाळ्या झाल्या, आजोबा. हशाही झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "अजून तरी आहे का सायकल?" आणि पुन्हा हशा पिकला. शोकसभेत माणसांनी इतकं मोकळेपणाने हसावं याचं मला आधी नवल वाटलं, मग किळस आली. ज्या देशाचं नावही त्यांना पडद्यावर वाचावं लागत होतं, त्या देशाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं.

शेवटच्या रांगेत ग्रेस बसली होती. तुमचे शेवटचे चार महिने रोज सकाळी येऊन तुम्हाला उठवणारी, आंघोळ घालणारी, तुमच्या शिव्या ऐकून "येस, बॉस" म्हणणारी घानाची ग्रेस. तिला मराठी येत नाही. पण सुहासकाकांचं निम्मं मराठी इंग्रजीच असतं, आणि उरलेलं समजायला भाषा लागत नव्हती. ती मांडीवर पर्स घट्ट धरून समोर बघत होती.

तुमचा तिरस्कार मी पहिल्यांदा ऐकला तो आईच्या आमटीबद्दल. आम्ही आत्याच्या आधाराने इथे आलो, बाबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात लागले आणि आई तुमच्याकडे स्वयंपाकाला येऊ लागली. अभयकाका, तुमचा मुलगा, दिवसभर ऑफिसात. तुम्ही आमटीचा एक भुरका घेऊन म्हणालात, "बाई, यात डाळ पोहायला शिकतेय का?" आई घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने आमटी इतकी घट्ट केली की पळी उभी राहिली. तुम्ही ती सगळी संपवलीत आणि म्हणालात, "हं. ऐकू येतं म्हणजे तुला." त्यानंतर आई तुम्हाला कधी घाबरली नाही. मला मात्र वेळ लागला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. याचं आई-बाबांना किती वाटतं ते तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही मला 'कॉलेजकुमारी' म्हणायचात आणि विचारायचात, "आज कोणाचं लिहिलेलं पुन्हा लिहिलंस?" मी हसायचे. रात्री मला ते टोचायचं, कारण मला खरंच तसंच वाटायचं. वर्गातल्या बाकीच्यांना काय बोलायचं ते जन्मापासून माहीत असल्यासारखं असतं. मी आधी वहीत वाक्य लिहिते, मग हात वर करते, तोवर विषय बदललेला असतो.

म्हणून आफ्रिकेच्या इतिहासाच्या वर्गात प्राध्यापकांनी, 'ओळखीच्या एखाद्या माणसाच्या आठवणींवरून लिहा' असं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं, माझ्याकडे असं काही आहे जे त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे तुम्ही होतात.

आपण गॅरेजमध्ये बसायचो. अभयकाकांची गाडी बाहेर, तुमची खुर्ची आत, पायाशी हीटर. भिंतीवर तुमचा फळा. प्रत्येक हत्याराला एक खुंटी, आणि खुंटीमागे काळ्या रंगात त्या हत्याराचा हुबेहूब आकार काढलेला. पक्कड काढली की भिंतीवर पक्कडीची सावली राहते. तुम्ही मला पहिल्या दिवशी तेच शिकवलंत. "हँगरमध्ये काम संपलं की फळ्याकडे बघायचं. काळं दिसलं, म्हणजे हत्यार विमानात राहिलंय. मग विमान हलत नाही. राष्ट्रपती आला तरी हलत नाही. काम करणारा एक सही करतो, मोजणारा दुसरी. दोन सह्या."

एका खुंटीमागे सावली कायम उघडी होती. अर्ध्या इंचाच्या रिंग पान्याची. मी विचारलं, तर म्हणालात, "हरवलाय." अभयकाकांनी एकदा दुकानातून नवा पाना आणून तिथे लावला होता. तुम्ही तो ड्राइव्हवेवर फेकलात. अभयकाका मला म्हणाले, "बाबांचं हे ना, टू मच आहे." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

तुम्ही जे सांगितलंत ते मी सगळं लिहून घेतलं. घाना स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झाली होती. हवाई दल उभं करायला भारताचे आणि इस्रायलचे लोक गेले, भारताने एचटी-टू दिली. तुम्ही चोवीस वर्षांचे. अक्राच्या हँगरमध्ये दुपारी पत्रा इतका तापायचा की पाना फडक्यात धरावा लागायचा. मग थोड्याच काळात ब्रिटिश आले, त्यांनी आपली चिपमंक विमानं आणली, एचटी-टू मागे पडली, तुम्ही लोक परत आलात. पुढे कॅनडाची बीव्हर आणि ऑटर आली, मग त्यांच्याकडचीच मोठी कॅरिबू. मी लायब्ररीत सगळं पडताळून पाहिलं. एका जाड पुस्तकात एचटी-टूला एक ओळ होती. दुसऱ्यात तीही नव्हती. मला राग आला. मी तुम्हाला म्हटलं, "आजोबा, यांनी आपल्याला गाळलंय."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं आमटीकडे बघितलं होतं.

"आपल्याला? ब्रिटिश म्हणतात आम्ही उभं केलं. इस्रायलवाले म्हणतात आम्ही. आता तू म्हणणार आपण. ज्यांचं हवाई दल आहे, त्यांना कोणी विचारलं का गं? की ती माणसं नुसती विमानाला लोंबकळत होती?"

मी ते लिहून घेतलं नाही. पेन हातात होतं, तरी नाही.

मग तुम्ही कोफीबद्दल सांगितलंत. तुमच्या हाताखाली शिकायला म्हणून दिलेला माणूस, पण तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तुम्हाला 'सर' म्हणायचा. तुम्ही त्याला नट कसा आवळायचा ते दाखवायचात, आणि तो शांतपणे बघायचा. त्याने कधी सांगितलं नाही की दुसऱ्या महायुद्धात तो घानातल्याच ताकोराडी बंदरावर कामाला होता. इंग्लंडहून पेटाऱ्यांत बंद होऊन आलेली लढाऊ विमानं तिथे जोडायचे आणि आफ्रिका ओलांडून इजिप्तला पाठवायचे. तुम्ही बेळगावला पाटी घेऊन शाळेत जात होतात, तेव्हा कोफी लढाऊ विमानांचे पंख बसवत होता. हे तुम्हाला निघायच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाकडून कळलं. "आणि मी त्या माणसाला नट दाखवत होतो," तुम्ही म्हणालात.

त्या शनिवारचं तुम्ही एकदाच सांगितलंत. काम संपलं, फळ्यावर अर्ध्या इंचाच्या पान्याची सावली उघडी होती. तुम्हाला शहरात जायचं होतं, नवा शर्ट शिंप्याकडून आणायचा होता. तुम्ही दुसऱ्या पेटीतला एक पाना घेतलात, त्या खुंटीवर लावलात आणि सही केलीत. कोफी मोजायला आला. त्याने तो पाना काढून तुमच्यासमोर धरला. म्हणाला, "सर, हा आपला नाही. कडेने काळं दिसतंय."

तुम्ही पाच माणसांसमोर त्याला म्हणालात, "तू मला मोजायला शिकवणार? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्याकडे काय होतं रे?"

त्याने सही केली नाही. विमान सोमवारी उडायचं होतं, ते उभं राहिलं. साहेब चिडले, तुम्ही सांगितलंत की माणूस हट्टी आहे, मोजता येत नाही. त्याला हँगरमधून काढून भांडाराची पोती उचलायला पाठवलं. मंगळवारी तुम्हाला पाना मागच्या खुर्चीखाली सापडला, ज्या दांड्यांनी शेपटी वळते त्यांच्या अगदी शेजारी. तुम्ही तो खिशात घातलात आणि कोणाला सांगितलं नाहीत. कोफीलाही नाही. विशेषतः कोफीला नाही.

मग तुम्ही खुर्चीतून उठून खालचा खण उघडलात आणि पायमोज्यात गुंडाळलेला पाना माझ्या हातात दिलात. साठ-पासष्ट वर्षं. अक्रा, बंगलोर, बेळगाव, ट्रॉय. "हे लिही," तुम्ही म्हणालात. "बाकी नाही लिहिलंस तरी चालेल. आणि त्याचं नाव लिही."

"पूर्ण नाव काय?"

तुम्ही पाना माझ्या हातातून घेऊन पुन्हा पायमोज्यात गुंडाळलात आणि खणात ठेवलात. "विचारलंच नाही मी."

आता मी काय केलं ते मला इथे लिहायला हवं. मी ते लिहिलं नाही. निबंधाला मी नाव दिलं, 'बंगलोरने घडवलेलं हवाई दल'. त्यात तुम्ही होतात, तरुण, तापलेल्या पत्र्याखाली, एका नव्या देशाला पंख देत. खरंच असं वाक्य आहे त्यात, 'पंख देत'. कोफी नव्हता. मी स्वतःला सांगितलं की तुमची बदनामी नको, म्हातारा माणूस आहे, भलतंच काही बोलून गेला असेल. खरं हे होतं की पान्यामुळे माझी गोष्ट बिघडत होती. वर्गात माझा निबंध वाचून दाखवायला सांगितला. लोक माझ्याकडे बघत होते. मला 'ए' ग्रेड मिळाली, आईने तो कागद फ्रिजवर लावला.

मी तुमच्यासाठी निबंधाची प्रत घेऊन आले, हौसेने. तुम्ही भिंग घेऊन पूर्ण वाचलात. शेवटच्या पानानंतर पान उलटून मागे बघितलंत, कोरं होतं.

"कोफी कुठाय?"

मी म्हटलं, "पूर्ण नाव नव्हतं ना आजोबा, म्हणून मग..."

"म्हणून तू दुसरं काहीतरी अडकवलंस त्या जागी."

मी काहीतरी बोलत राहिले, शब्दमर्यादा वगैरे. तुम्ही कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलंत. माझ्या तोंडासमोर. त्याहून अपमानास्पद काही कोणी माझ्याशी केलेलं नाही, आजोबा, आणि मी त्याच लायकीची होते. पण तेव्हा मी रागाने निघून गेले. मनात म्हटलं, स्वतः साठ वर्षं गप्प बसलात आणि मला शिकवता? हे वाक्य मी तुम्हाला ऐकवणार होते. आजही ते मला पूर्ण चूक वाटत नाही. तुम्ही गप्प बसलात. तुम्ही भित्रे होतात. नंतर सगळ्या जगाला खडसावून ती भीती झाकलीत. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, तर मला वाटतं, तुम्ही यंत्र पुन्हा कानात घातलं असतंत.

मी तीन आठवडे आले नाही. त्या काळात तुम्ही ग्रेसला छळलंत, हे मला तिच्याकडून कळलं. रोज आंघोळीच्या वेळी विचारायचात, "तुमच्याकडे कोफी कोण कोण आहे?" ग्रेस हसायची. "बॉस, आमच्याकडे शुक्रवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा कोफी. माझ्या घरातच चार आहेत. तुमचा कुठला?" तुम्ही म्हणायचात, "ताकोराडीचा. विमानं जोडणारा." तिने तिच्या आईला फोन करून विचारलं. आईने शेजाऱ्यांना विचारलं. काही कळलं नाही. एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तर रविवारी मलाही बोलायला बोलावलं. सुहासकाका म्हणाले, "आता आपली यंग जनरेशन!" मी कागदावर सगळं लिहून आणलं होतं. शनिवार, शर्ट, पाना, कोफी. सायकलवर हसलेली तोंडं समोर होती. मला फक्त वाचायचं होतं. मी माइकसमोर उभी राहिले, ग्रेसकडे बघितलं, मग पहिल्या रांगेत अभयकाका रुमालाने डोळे पुसत होते ते बघितलं, आणि म्हटलं, "आजोबा खूप शिस्तीचे होते. त्यांनी मला खूप शिकवलं. थँक यू." बसले. टाळ्या झाल्या. सुहासकाकांच्या मूर्खपणाला निदान अज्ञानाची सबब आहे. माझ्याकडे तीही नाही.

पार्किंगमध्ये ग्रेसने मला गाठलं. हातात कोणीतरी दिलेला बटाटेवड्यांचा डबा होता. "तू त्याचं नाव नाही घेतलंस."

"मला अर्धंच माहीत आहे."

"मग अर्धं घे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही लोकांनी एक अख्खं विमान चुकीचं दाखवलं, तेव्हा कोणाला लाज वाटली नाही. आणि तुला अर्ध्या नावाची वाटते?" मग तिने डबा माझ्या हातात दिला. "हे खूप तिखट आहे. तुझ्या आईला दे." आणि गाडीत बसून गेली.

सोमवारी मी प्राध्यापकांना भेटले. सांगितलं, माझा निबंध खोटा आहे, मला तो बदलायचाय. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाले, ग्रेड लागून गेलीय, बदलायची गरज नाही. मी म्हटलं, गरज मला आहे. वर्गात मी एवढं सलग वाक्य कधी बोलले नव्हते. आता निबंधाचं नाव फक्त 'अक्राचा एक हँगर' आहे. पहिल्या पानावर शनिवार आहे. त्यात तुम्ही शर्टासाठी खोटी सही करता आणि एका जाणत्या माणसाला पोती उचलायला पाठवता. त्याचं नाव मी लिहिलंय, कोफी, आणि पुढे आडनावाइतकी जागा सोडलीय. प्राध्यापकांनी पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह केलं. मी तसंच राहू दिलं. आईला सगळं सांगितलं. तिने फ्रिजवरचा कागद काढला नाही, फक्त उलटा करून लावला.

काल मी आईची भांडी न्यायला तुमच्या घरी गेले होते. अभयकाकांनी गॅरेज आवरलंय. तुमची खुर्ची घडी करून कोपऱ्यात, हीटर खोक्यात. फळा पुसून लखलखीत केलाय. ते मला म्हणाले, "बघ, काय सापडलं! खालच्या खणात, सॉक्समध्ये! परफेक्ट फिट बसला. बाबा इतकी वर्षं शोधत होते आणि घरातच होता. बघायला हवे होते आज." त्यांचे डोळे भरून आले होते. पाना खुंटीवर होता. त्याची सावली त्याच्यामागे पूर्ण झाकली गेली होती, कडेनेही काळं दिसत नव्हतं. फळ्याचा फोटो त्यांनी काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. सुहासकाकांनी हात जोडलेत.

मला अभयकाकांचा राग आला नाही. त्यांना तुम्ही काहीच सांगितलं नव्हतंत. तुमचा आला. आणि तो राग येताना मला तुमची इतकी आठवण आली की मी कढई खाली ठेवली.

ते आत फोन घ्यायला गेले. मी पाना काढला, पायमोज्यात गुंडाळला आणि खणात ठेवला. भिंतीवर काळं पुन्हा दिसायला लागलं. ते परत आले की विचारतील, म्हणून मी थांबले. यावेळी मी पळून जाणार नव्हते. त्यांनी विचारलंच, "अगं, का काढलास?" मी म्हटलं, "काका, बसा. सांगते." आणि तुमची खुर्ची उघडून त्यांना दिली.

त्यांनी सगळं ऐकलं. मग उठून त्या रिकाम्या खुंटीपाशी गेले आणि मला म्हणाले, "तसंच राहू दे."

मोजणी अपुरी आहे, आजोबा. मी सही केलेली नाही.